सोन्याचा वर्ख आणि चित्रकाराची मजुरी



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलणारे वक्ते बहुधा ग्रंथालयातून आलेले असतात. आम्ही विडी कामगारांच्या वस्तीतून आलो आहोत. उभे आयुष्य संघटनेच्या कामात गेल्यामुळे आम्हांस एक खोड लागली आहे. कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणी केली, किती दिवसांत केली आणि करणाऱ्याच्या हाती काय पडले, हे तीन प्रश्न आमच्या मनात आपोआप उठतात. आज हेच प्रश्न आम्ही तंजावरच्या सोनेरी चित्रांना विचारणार आहो.

हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. लोण्याचा गोळा हाती घेतलेला गुटगुटीत बाळकृष्ण, भोवती महिरप, अंगावर उठावाचे दागिने, त्यांत बसवलेले खडे आणि या सगळ्यावर लखलखणारे सोने. कोणाच्या दिवाणखान्यात, कोणाच्या देवघरात ते टांगलेले असते. पाहुणा आला की पहिला प्रश्न विचारतो, "सोने खरे आहे का?" दुसरा विचारतो, "केवढ्याला पडले?" तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारण्यासाठीच हे व्याख्यान आहे.

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तेथे गादीवर बसले, आणि भोसल्यांचे राज्य कावेरीच्या काठी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले. परंतु तेथील चित्रकला मराठ्यांनी बरोबर नेली, असा अभिमान कोणी बाळगू नये. १५६५ साली राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगरची सत्ता ढासळली, आणि तिच्या आश्रयाचे कारागीर दक्षिणेकडे पांगले. तंजावरचे नायक राजे विजयनगरच्याच परंपरेतले. त्यांच्याकडे या कारागिरांना आसरा मिळाला. पुढे ही कला ज्यांच्या घराण्यांत चालली ते राजू आणि नायडू मूळचे तेलुगू बोलणारे. तामीळ मुलूख, तेलुगू हात आणि मराठी दरबार असा हा त्रिवेणी संगम आहे. मराठ्यांनी आश्रय दिला हे खरे. पण आश्रय देणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा, हे आपण विसरता कामा नये.

आता हे काम कसे होते ते पाहू. जुन्या चित्राला फणसाच्या लाकडाची फळी घेत. तिच्यावर चिंचोक्याच्या खळीने किंवा डिंकाने कापड चिकटवायचे. त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे लेप द्यायचे, ते वाळू द्यायचे आणि मग घासून घासून पाटीसारखे गुळगुळीत करायचे. मग त्यावर आकृती रेखायची. दागिन्यांच्या जागी काचेचे वा जयपुरी खडे चिकटवायचे. खडूची पूड आणि डिंक यांच्या लगद्याने महिरप, खांब, हार, मुकुट यांना उठाव द्यायचा. तो वाळला की सोन्याचा वर्ख कात्रीने कापून त्यावर बसवायचा. लगद्याच्या प्रत्येक खळग्यात तो दाबून बसला पाहिजे, पण फाटता कामा नये. सोन्यानंतर रंग येतात आणि शेवटी चेहरा. चेहरा जमला नाही तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते. चित्र वीतभर असले तरी यांतील एकही पायरी गाळता येत नाही. फळी लहान केली म्हणून लेप लवकर वाळत नाही, आणि डोळा लहान काढायचा म्हणून नजर कमी तीक्ष्ण चालत नाही.

सोन्याविषयी एक हिशेब सांगतो. सोने हा फार पसरणारा धातू आहे. एक ग्रॅम सोन्याचा, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतक्या जाडीचा वर्ख केला, तर त्याने सुमारे अर्धा चौरस मीटर जागा झाकते. तंजावरी कामाला इतका पातळ वर्ख पुरत नाही, हे मान्य. तरी डोळ्याला दिसते तेवढे सोने वजनात नसते. चित्रात भरपूर असते ती वस्तू म्हणजे माणसाचा वेळ. पण सोने तोळ्या-माशाने मोजले जाते, आणि लेप वाळेपर्यंत बसून राहिलेल्या माणसाचा दिवस कोणत्याच तराजूत पडत नाही. कामावर मजुरी, म्हणजे नगावर मजुरी, असली की वाट पाहण्याचा काळ नेहमी कामगाराच्या खात्यावर जातो. विडीच्या धंद्यात पान भिजत घालण्याचा आणि कापण्याचा वेळ असाच कोणी मोजीत नाही. फळी आणि सूप एकमेकांपासून फार दूर नाहीत.

या कामाला पैसा कोण देत होते? आरंभी राजा, सरदार, मठ, भजनाचे मंडप. सरफोजीराजे दुसरे १७९८ साली गादीवर आले. मोठे विद्याव्यासंगी गृहस्थ. सरस्वती महाल ग्रंथालयाची थोरवी मुख्यतः त्यांची. परंतु १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला राहिला, आणि वर्षाला एक लाख होन व निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढी नेमणूक मिळाली. म्हणजे चित्रकाराला पोसणारा धनी स्वतःच वेतनावर आला. १८३२ साली सरफोजी वारले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी १८५५ साली पुत्रसंतानावाचून वारले, आणि कंपनीने राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंच्या बाजूने दावा लढवला गेला तो थेट लंडनपर्यंत पोहोचला. १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने निवाडा दिला की, हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, यात न्यायालयाला हात घालता येत नाही. राणीला दाद मागायला निदान न्यायालयाचा दरवाजा तरी होता. दरबार उठल्यावर ज्यांच्या चुली थंडावल्या त्या चिताऱ्यांनी कोणते दार ठोठवावे?

त्यांनी बाजाराचे दार ठोठावले. याची सवय त्यांना थोडी आधीच झाली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज अंमलदार येथून कागदावरची चित्रे विकत घेत. त्यांत सोन्याचा थाट नसे. एकेका धंद्याचा पुरुष आणि त्याची बायको, हातात त्या धंद्याची हत्यारे, अशी जोडप्यांची चित्रे संचच्या संच विलायतेस जात. कुंभार, कोष्टी, परीट, सुतार असे सगळे कष्टकरी या चित्रकारांनी जगाला दाखवले. स्वतःला मात्र त्यांनी सहीपुरतेही दाखवले नाही. इंग्रजांच्या लेखी ते नुसते 'मूची'. हाच शब्द ते चामड्याचे काम करणाऱ्यालाही लावीत.

राजा गेल्यावर चेट्टी व्यापारी, जमीनदार आणि शहरातील सुखवस्तू कुटुंबे ही गिऱ्हाइके उरली. एकाच्या पदरी राहून काम करणारा माणूस आता तयार माल घेऊन खरेदीदाराची वाट पाहू लागला. देवघरात मावेल एवढे चित्र, भेट देता येईल एवढे चित्र, यांना मागणी आली. पण लहान चित्राचे गिऱ्हाईकही लहान खिशाचे, आणि त्याच्यासाठी लवकरच दुसरी सोय झाली.

ती सोय आपल्याच महाराष्ट्रातून झाली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत छापील चित्रे थोड्या पैशांत गावोगाव पोहोचली. गरिबाच्या भिंतीवर देव आला, ही गोष्ट मोठी आहे आणि तिचे मोल आम्ही कमी करीत नाही. पण त्याच भिंतीवरून हाताने काढलेला देव उतरला. नवल असे की, रविवर्म्यांचे मामा व पहिले गुरू राजराज वर्मा हे तंजावरी पद्धतीने चित्रे काढणारे होते. एका पिढीची विद्या पुढच्या पिढीच्या यंत्राने मागे सारली. राजू घराण्यांतील काहींनी ही नवी वाटही धरली. सी. कोंडय्या राजू (१८९८–१९७६) नाटकमंडळीचे पडदे रंगवता रंगवता कोविलपट्टीस स्थिरावले, आणि शिवकाशीच्या छापखान्यांसाठी त्यांनी देवांची कॅलेंडरे काढली. हात तोच, देवही तेच. सोन्याच्या जागी शाई आली.

तरी सोनेरी चित्र मेले नाही. स्वातंत्र्यानंतर हस्तकलेला सरकारी उत्तेजन मिळाले, शहरांत नवी श्रीमंती आली आणि मागणी पुन्हा वाढली. फणसाच्या फळीऐवजी प्लायवुड आले, दगड-मातीच्या रंगांऐवजी बाटलीतले रंग आले. २००७-०८ साली 'तंजावर चित्र' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. हे चांगले झाले. पण मानांकन नावाचे रक्षण करते, मजुरीचे करीत नाही, हा भेद लक्षात ठेवावा.

आता सोन्याचा भाव पाहा. १९७० साली दहा ग्रॅमला दोनशे रुपयांहून कमी पडणारे सोने २०२५ साली एक लाखाच्या वर गेले. सोन्याच्या वाटेत काहीही उलटसुलट झाले की पहिला फटका कारागिराला बसतो, हे आपल्याकडील सोनारांनी भोगले आहे. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली आणि देशभर सोनारांच्या भट्ट्या विझल्या. तो कायदा १९९० पर्यंत पुस्तकात राहिला. चित्राच्या धंद्यात सोन्याचा भाव व्यापाऱ्याला पाडता येत नाही, खड्यांचा नाही, काचेचा आणि चौकटीचा नाही. गिऱ्हाइकाला तर चित्र स्वस्त हवे. मग घासाघीस कशावर होणार? जी एकच गोष्ट खाली दाबता येते तिच्यावर, म्हणजे मजुरीवर. दुसरा मार्ग म्हणजे खऱ्याऐवजी नकली वर्ख. तो गिऱ्हाइकाला फसवतो आणि प्रामाणिक कारागिराचे नाव घालवतो.

आम्ही तंजावरास गेलो असता एका घराच्या ओसरीवर हे काम पाहिले. एक पोरगा फळी घाशीत होता, एक बाई लगद्याचे मणी काढीत होती, म्हातारा चेहरा रंगवीत होता. वर्खाची पाने मोजून आलेली होती आणि कातरलेले तुकडे डबीत जपून ठेवले जात होते. ती डबी पाहताच आम्हांस आमच्याकडील तेंदूपत्त्याची मोजणी आठवली. माल मोजून द्यायचा, माल मोजून घ्यायचा, आणि घरात बसलेल्या माणसाला कामगार म्हणायचे नाही! घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानावे, हे कायद्याच्या पुस्तकात यायला १९६६ साल उजाडावे लागले. चित्रकाराला आपण कलावंत म्हणतो, सत्कारात शाल पांघरतो. कलावंत म्हटल्याने त्याची भाकरी ठरत असती, तर आमची काही तक्रार नव्हती.

कोणी म्हणेल, कारागिराचे नाव आणि त्याचा वाटा लिहून ठेवणे ही आजकालची, लाल बावट्यावाल्यांची कल्पना आहे. त्यांनी तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरात जावे. राजराज चोळाने हे मंदिर १०१० च्या सुमारास पुरे केले. त्याच्या भिंतीवर कोरलेल्या लेखात मंदिराच्या चाकरीतील चारशे नर्तिकांची यादी आहे; प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या आळीत कितव्या घरात राहते आणि तिचा वाटा किती, हे लिहिले आहे. एक वाटा म्हणजे वर्षाला शंभर कलम भात. पुढे वादक, गायक, हिशेबनीस, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी, सुतार, कासार यांचेही वाटे आहेत. माणूस मेला किंवा परदेशी गेला तर त्याच्या जवळच्या नातलगाने ते काम करून तो वाटा घ्यावा, असेही कलम आहे. त्या काळाचे आम्ही गोडवे गात नाही. त्या चारशे जणी ठिकठिकाणच्या देवळांतून आणवल्या होत्या, त्यांना कोणी विचारले असेल असे नाही. पण चाकरी करणाऱ्याचे नाव आणि वाटा दगडावर कोरण्याची लाज त्या राजाला वाटली नाही.

त्याच मंदिरात १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला. एवढा लांब मराठी शिलालेख पाहून आमचाही ऊर भरून आला. मग आम्ही दोन्ही लेख मनात शेजारी ठेवले. एकात परीट आणि कुंभार आहेत. दुसऱ्यात राजघराण्याची पिढ्यान् पिढ्यांची कथा आहे. याच मंदिरात गाभाऱ्याभोवतालच्या बोळात नायककालीन चित्रांच्या खाली चोळकालीन चित्रे झाकलेली होती. ती १९३१ साली उजेडात आली. एका अनामिकाने दुसऱ्या अनामिकाला झाकले होते.

तंजावरच्या मराठी दरबाराचे कागद मोडी लिपीत आहेत. राज्याचा रोजचा जमाखर्च मोडीत लिहिला गेला, आणि कारागिराचा इतिहास जमाखर्चातच सापडतो, बखरीत नाही. हे काम मराठी वाचकाचे आहे. आपल्या शहरातील चार तरुणांनी मोडी शिकून जुने हिशेब वाचायला घेतले, तर या व्याख्यानमालेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

आणि ज्यांना एवढे जमणार नाही त्यांनी एक सोपे काम करावे. पुढल्या खेपेस असे चित्र घ्याल तेव्हा सोने खरे आहे का हे जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. पण त्याच दमात विचारा की, हे कोणी काढले आणि त्याला काय मिळाले. दुकानदार गडबडेल, कदाचित रागावेल. विडीच्या कारखानदारांनाही हा प्रश्न प्रथम उद्धटपणाचा वाटला होता. पुष्कळ वेळा, पुष्कळ जणांनी तो विचारला, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.