सममितीचे कृतिशिक्षण

सममितीचे कृतिशिक्षण : आकृतीवर एखादी हालचाल करूनही ती मुळासारखीच दिसत असेल, तर तिच्या या गुणाला सममिती म्हणतात; हा गुण बालवाडीच्या व प्राथमिक वर्गांतील मुलांना व्याख्येआधी घडी, कात्री, आरसा व ठोकळे यांच्या साहाय्याने ओळखू देण्याच्या पद्धतीला सममितीचे कृतिशिक्षण म्हणता येईल. आकृती एका रेषेवर दुमडली असता तिचे दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसत असतील, तर तिला परावर्तन सममिती असते व त्या रेषेला सममिती अक्ष म्हणतात. पूर्ण फेऱ्यापेक्षा कमी फिरवूनही ती जशीच्या तशी दिसत असेल, तर तिला परिवलन सममिती असते.

या पद्धतीचे एक मूळ जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांच्या किंडरगार्टनमध्ये सापडते. बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्रज्ञ व्हाइस यांच्या हाताखाली काम केलेल्या फ्रोबेल यांनी मुलांसाठी जी खेळसाधने तयार केली, त्यांपैकी तिसऱ्या साधनात एक घन आठ लहान घनांत विभागलेला असतो. हे घन मध्याभोवती मांडून नक्षी करताना एका बाजूचा घन हलवला की समोरचाही तसाच हलवावा, म्हणजे जुनी नक्षी न मोडता तिच्यातूनच नवी निघते, असा संकेत होता. किंडरगार्टनमधील कागदाच्या घड्यांवरूनच टी. सुंदर राव यांना आपल्या भूमितीच्या पुस्तकाची कल्पना सुचली. ते १८९३ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाले, मात्र त्याचा वाचकवर्ग बालवाडीच्या बराच पुढचा होता.

शाळांमध्ये सर्वाधिक रूढ असलेली कृती म्हणजे कागदावर रंगाचे थेंब टाकून तो दुमडणे व फुलपाखरासारखा ठसा उमटवणे. ती मुलांना आवडते, परंतु ठसा प्रत्येक वेळी सममितच येत असल्याने मुलाला अंदाज करण्याजोगे फारसे काही उरत नाही. पताका कापण्याची कृती या दृष्टीने अधिक कसदार आहे : चौरस कागदाला एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन घड्या घालून एक भोक पाडले, तर उघडल्यावर चार भोके दिसतात, आणि ती किती व कोठे पडतील हे मुलाने कागद उघडण्यापूर्वी सांगायचे असते. कर्णावर तिसरी घडी घातल्यास त्याच कात्रीने चार अक्षांची नक्षी तयार होते.

न जुळणारी उदाहरणे याहूनही उपयुक्त ठरतात. आयताचा कर्ण हा त्याचा सममिती अक्ष आहे, हा मुलांमध्ये व क्वचित मोठ्यांमध्येही आढळणारा गैरसमज आहे, कारण कर्णामुळे आयताचे दोन समान त्रिकोण होतात हे खरेच असते. वहीचे पान कर्णावर दुमडले की कोपरे बाहेर डोकावतात आणि समान भाग म्हणजे सममित भाग नव्हे, हे विधान न करताच कळते. पान कर्णावर कापून एक त्रिकोण न उलटता अर्धा फेरा फिरवला, तर तो मात्र दुसऱ्यावर नेमका बसतो, आणि येथून परिवलन सममितीकडे सहज वळता येते. कागदाची चार पात्यांची भिंगरी पाव फेऱ्याला तशीच दिसते, पण तिला सममिती अक्ष एकही नसतो. तगरीच्या फुलाच्या पिळदार पाकळ्यांचेही तसेच. भिंगरीच्या चित्राशेजारी आरसा उभा धरल्यास प्रतिबिंबातील पाती उलट दिशेला वळलेली दिसतात.

आरशाचा कल्पक वापर मॅरियन वॉल्टर यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार केलेल्या आरसापत्त्यांत आढळतो. त्यांत एका पत्त्यावरील चित्रावर आरसा असा ठेवायचा असतो की चित्र व प्रतिबिंब मिळून दुसऱ्या पत्त्यावरील आकृती तयार व्हावी; काही जोड्या मुद्दाम अशक्य ठेवलेल्या असल्याने नुसत्या चाचपडण्यापेक्षा कारण शोधणे भाग पडते.

उभ्या अक्षाची सममिती आडव्या अक्षाच्या सममितीपेक्षा डोळ्याला लवकर जाणवते, हे एर्न्स्ट माख यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते, त्यामुळे सर्व नमुने उभ्या अक्षाचेच दिल्यास मुलाची कल्पना तेवढ्यापुरतीच राहते. रोमन मोठ्या लिपीतील अक्षरांवर आधारलेले सराव मराठी वर्गात तसेच उचलणे सोयीचे नाही, कारण बहुतेक देवनागरी अक्षरे दंडाच्या किंवा शिरोरेषेच्या एकाच बाजूला झुकलेली असतात व ‘ठ’सारखी मोजकीच या कसोटीस उतरतात. त्याऐवजी ठिपक्यांची रांगोळी अर्धी काढून उरलेली मुलाकडून पुरी करून घेणे हा महाराष्ट्रातील शिक्षकाला सहज उपलब्ध असलेला पर्याय आहे. रांगोळी जमिनीवर असल्याने मूल तिच्याभोवती फिरू शकते व एका बाजूने उभा दिसणारा अक्ष दुसऱ्या बाजूने आडवा होतो; भिंतीवरच्या फळ्यावर ही सोय नसते.