चहा, चॅपल आणि खुर्ची : पॅटागोनियातील वेल्श समाजजीवन

दरवर्षी २८ जुलैला दक्षिण अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतात चॅपलांची दारे दुपारीच उघडतात. लांब टेबलांवर पांढरी चादर, त्यावर लोणी लावलेला पाव, चीज, घरचा जॅम, सुक्या मेव्याचा काळा केक आणि लोकरी टोपडी घातलेल्या चहाच्या किटल्या. भोवती बसलेल्यांची आडनावे जोन्स, इव्हान्स, विल्यम्स अशी असतात, तशीच शुद्ध स्पॅनिश आणि इटालियनही असतात. गप्पा बहुतांशी स्पॅनिशमध्ये चालतात. मात्र गाणे सुरू झाले की भाषा बदलते. ती वेल्श असते, आणि वेल्सपासून सुमारे बारा हजार किलोमीटर दूर असते.

आजचा धागा या टेबलाविषयी आहे. पॅटागोनियातील वेल्श वसाहतीची कथा बहुधा जहाज, दुष्काळ आणि धाडस अशा क्रमाने सांगितली जाते. मला त्या कथेतला कंटाळवाणा वाटणारा भाग अधिक मोलाचा वाटतो : रविवारी कोण कुठे जमत असे, काय खात असे, कोण कोणाच्या कवितेवर टीका करीत असे. कारण वसाहतीचे राजकीय स्वप्न तीन-साडेतीन दशकांतच भंगले. उरले ते हे जमणे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १८४७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षण-चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. वेल्श भाषा ही प्रगतीतील धोंड आहे आणि वेल्श माणूस नीतीने शिथिल आहे, असा त्याचा सूर होता. वेल्समध्ये तो आजही ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणून ओळखला जातो. सुटकेचा एक मार्ग अमेरिकेकडे जात होता आणि हजारो लोक त्या मार्गाने गेलेही. पण बाला येथील धर्मशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल डी. जोन्स यांनी अमेरिकेत राहून एक गोष्ट पाहिली होती. तेथे पोहोचलेले वेल्श कुटुंब एका-दोन पिढ्यांत इंग्रजी होऊन जात असे. तेथे वेल्श संस्था नव्हत्या असे नाही. फिलाडेल्फियाची वेल्श सोसायटी तर १७२९ पासूनची. संत डेव्हिडच्या दिवशी, १ मार्चला, मेजवान्या झडत आणि मातृभूमीच्या नावाने पेले उंचावले जात. वर्षातून एकदा आठवण काढण्याची ती सोय होती. उरलेले ३६४ दिवस दुसऱ्या भाषेचे होते.

म्हणून जोन्स यांना अशी जागा हवी होती, जिथे इंग्रजी बोलणारा शेजारीच नसेल. अर्जेंटिना सरकारला दक्षिणेकडील प्रदेशावर आपला हक्क पक्का करण्यासाठी वस्ती हवी होती. दोघांची गरज जुळली. २८ मे १८६५ रोजी ‘मिमोसा’ लिव्हरपूलहून निघाले. ते मुळात चीनचा चहा वाहून नेण्यासाठी बांधलेले जहाज होते. सुमारे दीडशे माणसे घेऊन ते २८ जुलैला आजच्या पुएर्तो मद्रिनच्या किनाऱ्याला लागले. दक्षिण गोलार्धात तो ऐन हिवाळा. प्रवाशांत शेतकरी थोडे, आणि खाणकामगार व कारागीर पुष्कळ. पहिली दोन वर्षे उपासमारीची आणि सरकारी रसदीची होती. १८६७ च्या अखेरीस रेचेल आणि अॅरन जेंकिन्स या दांपत्याने नदीचे पाणी पाट काढून कोरड्या जमिनीत फिरवून पाहिले. गहू उगवला आणि वसाहत टिकली.

त्या पाटांनी समाजजीवनाचा नकाशाही ठरवला. चुबुतचे खोरे लांबट आणि अरुंद आहे. शेते मोठी असल्याने घरे एकमेकांपासून दूर होती, आणि दाट वस्तीचे गाव म्हणावे असे सुरुवातीला फारसे काही नव्हते. मग माणसे भेटणार कुठे? या प्रश्नाचे उत्तर चॅपलने दिले. घोडागाडीने पोहोचता येईल इतक्या अंतराअंतरावर साध्या, कौलारू किंवा पत्र्याच्या छपराच्या विटांच्या वास्तू उभ्या राहिल्या. पुढील काही दशकांत खोऱ्यात अशी तीसेक चॅपले झाली. त्यांना केवळ देवळे समजू नये. तेथेच शाळा भरे, पाण्याच्या वाटपावरून सभा होत, वाद मिटत आणि सोयरिकीही जमत. मागे जोडलेल्या खोलीत चूल असे. उपासना संपली की चहा तेथे होई.

रविवारची शाळा तर मुलांइतकीच मोठ्यांची होती. ही वेल्श नॉनकन्फॉर्मिस्ट पंथांची जुनी रीत आहे : आजोबा, सून, नातू आपापल्या वर्गात बसून बायबलमधील एखाद्या वचनावर वाद घालतात. यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. लिहिणे, वाचणे आणि चार लोकांसमोर उभे राहून मुद्दा मांडणे या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या घरात वेल्श भाषेतूनच पोहोचल्या. १८६८ मध्येच रिचर्ड जोन्स बेर्विन हाताने लिहिलेले नियतकालिक काढीत होते. १८७८ मध्ये त्यांचे शालेय वाचनपुस्तक छापले गेले. १८९१ मध्ये लुइस जोन्स यांनी ‘अ द्रावोद’ हे वृत्तपत्र सुरू केले. त्रेलेऊ या शहराच्या नावातला ‘लेऊ’ म्हणजे हेच लुइस. काही हजारांच्या वस्तीने स्वतःचे वृत्तपत्र चालवावे, यात मला कोणत्याही पदकापेक्षा अधिक अभिमानास्पद काही दिसते.

आणि आता खुर्ची. वेल्श समाजाचा सर्वांत मोठा सोहळा म्हणजे आइस्टेथवॉड, कविता, गायन आणि पठणाची स्पर्धा. सर्वोत्तम कवीला बक्षीस म्हणून कोरीव लाकडी खुर्ची मिळते. कविता टोपणनावाने पाठवायची. परीक्षक भर सभेत तिचे गुणदोष वाचून दाखवणार. मग विजेत्याचे टोपणनाव पुकारले जाते आणि अंधाऱ्या सभागृहात कुठेतरी एक माणूस उठून उभा राहतो. तोवर शेजाऱ्यालाही पत्ता नसतो. त्याच्या डोक्यावर तलवार धरून ती म्यानातून अर्धवट उपसली जाते, सभेला तीन वेळा विचारले जाते की शांतता आहे काय, आणि सभा तीन वेळा गर्जून होकार देते. वेल्श छंदशास्त्रातील व्यंजनांच्या अनुप्रासाचे नियम इतके काटेकोर आहेत की त्यापुढे आपली अक्षरगणवृत्ते सैल वाटावीत. दिवसभर पाटाचा गाळ उपसणारी माणसे रात्री दिव्याखाली ते नियम जुळवीत बसत. चॅपला-चॅपलांच्या लहान स्पर्धा होत्या, त्यांत विणकाम, भरतकाम, निबंध, भाषांतर असे विभागही असत. समूहगायन सा-रे-ग-म सारख्या ‘टॉनिक सोल-फा’ पद्धतीने शिकवले जाई. त्यामुळे पाश्चात्त्य स्वरलिपी न येणारा गुराखीही चार आवाजांच्या रचनेतील आपला आवाज चोख सांभाळी.

हे सारे सुखचित्र नव्हते. चॅपलच्या कारभारात निर्णय घेणारे पुरुष होते, चूल सांभाळणाऱ्या बहुतांशी स्त्रिया. पंथभेद होते, रुसवेफुगवे होते. आणि ही भूमी रिकामी नव्हती.

खोऱ्यात तेवेल्चे लोक शतकानुशतके फिरत होते. १८६६ मध्ये पहिली गाठ पडली. भीती ओसरल्यावर देवाणघेवाण सुरू झाली : त्यांच्याकडून मांस, कातडी, शिकारीचे शिक्षण आणि यांच्याकडून पाव. वेल्शमध्ये पावाला ‘बारा’ म्हणतात. मराठी कानाला तो आकडा वाटेल. तेवेल्चे मुलांच्या तोंडी मात्र तो शब्द पक्का बसला. पुढे अर्जेंटिनाच्या सैन्याने ‘वाळवंट-विजय’ या नावाने मूळ रहिवाशांविरुद्ध मोहिमा केल्या. वाचलेल्यांना छावण्यांत कोंडले गेले. बालवयात ‘मिमोसा’वरून आलेले जॉन डॅनियल इव्हान्स १८८८ मध्ये वाल्चेता येथील अशा छावणीजवळून गेले. तारेच्या कुंपणाआडून कोणीतरी मोडक्या स्पॅनिशमध्ये ‘बारा’ मागत होते. तो त्यांचा बालमित्र होता. त्याच्याबरोबर त्यांनी लहानपणी पाव वाटून खाल्ला होता. त्याला सोडवण्यासाठी इव्हान्स पुढे पैसे घेऊन परतले, तेव्हा तो मरण पावला होता. ही हकिकत त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. वेल्श–तेवेल्चे मैत्रीचे गोडवे गाणारे लेख पुष्कळ आहेत. मैत्री खोटी नव्हती. पण ज्या राज्यसत्तेने हे केले, तिच्याच हक्काला वसाहतीने पाय रोवून दिले होते, हे त्या लेखांत क्वचितच येते.

त्याच राज्यसत्तेचा हात मग वसाहतीकडेही वळला. १८९० च्या दशकात शाळा स्पॅनिश झाल्या. तरुणांची लष्करी कवायत नेमकी रविवारी ठेवली गेली, आणि शब्बाथ पाळणाऱ्या समाजात संताप उसळला. तक्रार घेऊन वसाहतीचे प्रतिनिधी थेट लंडनला गेले. इंग्रजांपासून पळालेल्यांनी इंग्रजांकडेच दाद मागावी, यातील विनोद त्यांनाही जाणवला असेल. १८९९ च्या महापुराने घरे आणि चॅपले वाहून नेली. १९०२ मध्ये दोनशेहून अधिक माणसे कॅनडाला निघून गेली. १९११ नंतर वेल्सहून मोठी तुकडी आलीच नाही. १९४३ च्या फर्मानाने तर नवजात मुलांची नावेही स्पॅनिशच असावीत असा दंडक घातला.

शाळा गेली, कचेरी गेली, बाजारही गेला. तरी चॅपलच्या मागची खोली राहिली, कारण तेथे चहा पिण्यास परवाना लागत नव्हता. त्रेलेऊत संत डेव्हिडच्या नावाने स्थापन झालेल्या संघाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रशस्त सभागृह बांधले, आणि शहरी वेल्श मंडळींनाही जमण्यास छप्पर मिळाले. फिलाडेल्फियाच्या मेजवानीशी याची तुलना करून पाहा. दोन्हीकडे संत तोच, खाणेपिणे तेच. फरक एवढाच की येथे जमणे दर आठवड्याचे होते, आणि त्यात लहान मुलांना पाठांतर म्हणून दाखवावे लागे.

तरीही १९५० च्या सुमारास भाषा म्हाताऱ्यांची होऊ लागली होती. १९६५ मध्ये वसाहतीची शताब्दी साजरी झाली, वेल्सहून पाहुणे आले आणि आइस्टेथवॉडला नवा जोम आला. १९९७ पासून वेल्सहून दरवर्षी शिक्षक पाठवण्याची योजना सुरू झाली. २००६ मध्ये त्रेलेऊत आणि २०१६ मध्ये अँडीजच्या पायथ्याशी त्रेवेलिनमध्ये द्विभाषिक शाळा उघडल्या.

दरम्यान चहाचा धंदा झाला. गायमानमधील चहागृहांत आज पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात. १९९५ मध्ये राजकन्या डायाना तेथे चहा पिऊन गेल्या, तेव्हापासून ती खुर्चीही दाखवली जाते. याला नाके मुरडणे सोपे आहे. मला तितके वाईट वाटत नाही. काळा केक, ज्याचा एक तुकडा लग्नानंतर डब्यात जपून पुढच्या वाढदिवसासाठी ठेवण्याची रीत होती, तो वेल्समध्ये या रूपात सापडतच नाही. तो चुबुतच्या स्वयंपाकघरात जन्मला. विकला जाणारा पदार्थही कोणाच्या तरी आजीचा असतो.

आजच्या चुबुत आइस्टेथवॉडमध्ये दोन मोठी पारितोषिके आहेत. उत्कृष्ट वेल्श कवितेसाठी खुर्ची दिली जाते आणि उत्कृष्ट स्पॅनिश कवितेसाठी मुकुट. तलवार दोघांसाठीही एकच असते.