निशाणी दहा बोटे

परदेशच्या विमानतळावर उतरलेला प्रवासी इमिग्रेशनच्या रांगेतून पुढे सरकतो, पारपत्र अधिकाऱ्याच्या हाती देतो आणि मग त्याला बोटे काचेवर टेकवायला सांगितले जाते. पारपत्रात नाव आहे, छायाचित्र आहे, सहीही आहे. तरी तेवढ्याने भागत नाही. हा अनुभव आपण संगणकयुगाचे अपत्य समजतो. वस्तुतः त्याची जन्मभूमी बंगाल आहे.

१८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने खडी पुरवण्याच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा घेतला. हेतू शास्त्रीय नव्हता. उद्या त्याने आपली सही नाकारू नये, एवढाच धाक होता. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी स्थापन झाली. ठशांच्या वर्गीकरणाचे किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. १९०० साली हेच हेन्री पोलीसव्यवस्था उभारण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले होते.

त्याच ट्रान्सवालमध्ये १९०६ साली, आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने नोंदणी करावी व बोटांचे ठसे द्यावेत, असा वटहुकूम आला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहातील सभेने तो न मानण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा उगम असा बोटांच्या ठशांपाशी आहे. १९२३ साली येरवड्याच्या तुरुंगात हा इतिहास लिहावयास घेताना गांधींनी नोंदवले आहे, की हेन्रींचे पुस्तक चाळल्यावर त्यांना कळले, दहा बोटांचे ठसे कायद्याने केवळ गुन्हेगारांकडूनच घेतले जातात.

आणि तरीही १९०८ च्या आरंभी स्मट्सशी तडजोड होताच गांधी स्वतः ठसे द्यायला निघाले. काल जे गुन्हेगाराचे होते ते आज सभ्य कसे झाले, असा प्रश्न सभेत एका पठाणाने विचारला. गांधींचे उत्तर होते, की सक्ती आणि स्वेच्छा यांत फरक आहे. ते सर्वांस पटले नाही. १० फेब्रुवारीला नोंदणी कचेरीच्या वाटेवर मीर आलमने त्यांना मारहाण केली. अंथरुणावरूनच त्यांनी ठसे दिले. पुढे सरकारने शब्द मोडल्याच्या भावनेतून १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीपाशी नोंदणीपत्रांची होळी झाली.

जवळजवळ शतकानंतर, ५ जानेवारी २००४ पासून, अमेरिकेने आपल्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांचे दोन बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला. २००७ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने ती बोटे दहा झाली. इटालियन तत्त्वज्ञ जॉर्जो अगाम्बेन यांनी त्या जानेवारीत निषेध म्हणून न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवण्यास जाणे रद्द केले आणि ठशांची तुलना छळछावणीतील गोंदणाशी केली. त्यांच्या नकाराचा आम्ही आदर करतो; पण तो न जाणे परवडणाऱ्याचा नकार होता. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईला तो मार्ग मोकळा नाही. जोहान्सबर्गच्या फेरीवाल्यांनाही तो मोकळा नव्हता. त्यांनी तिथेच राहून नकार दिला, म्हणून त्याचे मोल अधिक.

आपल्या दस्तऐवजांत 'निशाणी डावा अंगठा' हे शब्द निरक्षराच्या वाट्याला येत. सही करणारा आपल्याला अंगठेबहाद्दराहून वेगळा समजे. विमानतळावरची काच हा भेद पुसते. प्राध्यापक आणि मजूर दोघेही तिथे सहीविना उभे असतात. ही समता म्हणावी काय? आम्हास तसे वाटत नाही. कारण वयाने, शेतीने, धुण्याभांड्यांनी ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्यांनाच यंत्र पुन्हा पुन्हा बोट दाबायला लावते. ज्या हातांनी अधिक काम केले, त्यांचीच ओळख अधिक संशयास्पद ठरते.

गांधींनी सांगितलेला सक्ती आणि स्वेच्छा यांतला फरक ठशात उमटत नाही. दोन्ही ठसे सारखेच दिसतात. यंत्राला तो फरक वाचता येत नाही. तो वाचण्याचे काम इतिहासाचे आहे आणि काचेवर बोटे टेकवताना त्याचे स्मरण ठेवणे आपल्या हाती आहे.