मैदान बदललं आणि आपण मागे पडलो

१९२८ ते १९५६, हॉकीत सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं. आपली ताकद होती ड्रिबलिंग आणि छोटे पास. गवतावर चेंडू उसळायचा, वेडावाकडा यायचा. तो स्टिकला चिकटवून पळणाऱ्यापुढे बचाव फुटायचा. १९७५ चा विश्वचषकही आपण गवतावरच जिंकला.

पुढच्याच वर्षी माँट्रियल. ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर, आणि भारत थेट सातवा! टर्फवर चेंडू सरळ येतो, वेगात येतो. बचावपटूला तो अडवणं सोपं झालं. लांब पास, पळायचा दम आणि पेनल्टी कॉर्नर यांचा भाव वाढला.

लोक म्हणतात, आपलं कौशल्य आटलं. मला नाही पटत. कौशल्य होतंच, सरावाला टर्फ नव्हतं. आपल्या खडकीचा धनराज पिल्लेसुद्धा लहानपणी मातीवरच शिकला. १९८० च्या मॉस्को सुवर्णानंतर पुढचं पदक यायला २०२१ उजाडलं. तब्बल ४१ वर्षं!

म्हणून क्रीडा दिनाला नुसते हार घालू नका. आपल्या वॉर्डातली किती पोरं आज टर्फवर खेळतात, तेवढं नगरसेवकाला विचारा. टर्फ राहू द्या, मोकळं मैदान तरी उरलंय का?