रक्ताचे मूल, कायद्याचे मूल

मूल हवे, पण ते आपल्याच रक्ताचे हवे, ही ओढ किती जुनी आहे हे पाहावयाचे असेल, तर आपण दत्तविधानाचा इतिहास चाळावा. वरवर पाहता दत्तक घेणे म्हणजे रक्ताचा आग्रह सोडणे. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडले. २० नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीच्या गंगाधररावांनी मृत्युशय्येवर ज्या आनंदरावाला दत्तक घेतले, तो नेवाळकरांच्या भाऊबंदांतलाच होता. १८७५ साली बडोद्याच्या गादीसाठी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव निवडला गेला, तोही गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतला. पुढे तोच सयाजीराव झाला. धर्मशास्त्राचा कलही सपिंडाकडेच होता. पिंड द्यावयास व वंश चालवावयास मुलगा हवा, आणि दत्तक असला तरी तो औरसासारखा शोभावा, ही अपेक्षा. मुलींचा विचार या चौकटीत जवळजवळ नव्हताच.

आम्हां ख्रिस्ती लोकांची अडचण वेगळीच. पिंडदानाचे बंधन नाही, आणि दत्तकाची सोयही नाही! १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती दांपत्याने अनाथ बालक घरी आणले, तर १८९० च्या कायद्याखाली न्यायालयाकडून केवळ पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान होताच तेही संपे. मृत्युपत्र केलेले नसेल, तर १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे मालमत्ता रक्ताच्या नातलगांकडे जाई. ज्या मुलाने म्हातारपणी पाणी पाजले, त्याच्या हाती काहीच नाही. चर्चचा कॅनन लॉ याबाबतीत उदार होता. १९८३ च्या संहितेचे ११० वे कलम दत्तक मुलाला दत्तक घेणाऱ्यांचेच मूल मानते. अट एवढीच, की दत्तविधान देशाच्या कायद्यानुसार झालेले असावे. आणि देशाचा कायदा तर ज्याच्या त्याच्या धर्माकडे बोट दाखवीत होता!

ही कोंडी बालन्याय कायद्याने फुटली. २००० च्या या कायद्यात २००६ साली दुरुस्ती होऊन दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे सर्व हक्क मिळाले. कोणत्याही धर्माची व्यक्ती या कायद्याखाली दत्तक घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये स्पष्ट केले. आज २०१५ चा कायदा लागू आहे.

कायदा असा रक्तापलीकडे गेला खरा, पण सर्वत्र नाही. २०२१ च्या सरोगसी कायद्याखालील नियमच पाहा. (सरोगसी चर्चला मान्य नाही, हा निराळा विषय.) मार्च २०२३ मध्ये दात्याच्या बीजाला मनाई झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती वैद्यकीय कारणापुरती सैल करण्यात आली, तरी पती किंवा पत्नी यांपैकी एकाचे बीज असलेच पाहिजे, ही अट राहिली. विधवेला व घटस्फोटितेला तर स्वतःचेच स्त्रीबीज वापरावे लागते.