रॅम्पवरची ‘सोंगं’ आणि आपला शिंपी

फॅशन शोचे फोटो मोबाईलवर आले की आपल्याकडं एक कमेंट ठरलेली असते, “हे काय सोंग?” हसू येतंच. पण मित्रांनो, ती सोंगं नीट बघितली तर त्यात बरंचसं आपलंच सापडतं.

मनीष अरोराचं उदाहरण घ्या. जन्म मुंबईचा. कॅलेंडरवरची चित्रं, बाजारातला भडक गुलाबी आणि सोनेरी रंग त्यानं कपड्यांवर आणला आणि थेट पॅरिस गाठलं. 2011 मध्ये पाको राबान या फ्रेंच फॅशन कंपनीनं डिझाइनची सूत्रं त्याच्या हाती दिली. आपण ‘जत्रेतलं’ म्हणून नाक मुरडतो, तेच तिकडं मिरवलं जातं.

पण ही वाट त्याच्या कितीतरी आधी एका मराठी बाईनं पाडली होती. भानू अथैय्या. माहेरच्या राजोपाध्ये, जन्म कोल्हापूरचा, 1929 चा. 1966 च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला. म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या लेण्यांच्या भिंतीवरचा वेश वैजयंतीमालाच्या अंगावर आला. आजही शाळेच्या गॅदरिंगला जुन्या काळातली राणी उभी करायची म्हटलं की साधारण तसाच वेश होतो. ‘वक्त’ (1965) मधला साधनाचा तंग चुडीदार-कुर्ता त्यांचाच. ‘ब्रह्मचारी’ (1968) मधली मुमताजची केशरी साडीही त्यांचीच. नाचताना सुटू नये म्हणून ती आधीच शिवून, चेन लावून तयार केलेली होती. आज दुकानात ‘रेडी टू वेअर’ म्हणून जी साडी मिळते, तिची ही थोरली बहीणच म्हणा. ‘साधना कट’ची गंमत वेगळीच. हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नची बट मुंबईमार्गे तालुक्याच्या गावापर्यंत पोचली.

आता प्रश्न असा, की हे कपडे गावापर्यंत आणले कुणी? डिझायनरनं नाही, कंपनीनं तर नाहीच. आणले शिंप्यानं. पोरी सिनेमा बघून यायच्या आणि म्हणायच्या, “काका, तसाच शिवा.” हातात फोटो नाही, कागद नाही. त्यांनी हातवारे करून सांगायचं आणि यानं अंदाजानं कात्री चालवायची.

आणि आपला जिल्हा तर नर्सीच्या नामदेव महाराजांचा! गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत, आणि त्यांत शिंप्याचा गज, कात्री अन् सुईसुद्धा आहे. सुई-दोऱ्याला इतका मान देणारी ही माती.

पण मान देणं वेगळं आणि जपणं वेगळं. भानूताईंना ‘गांधी’ सिनेमासाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. 2012 मध्ये त्यांनी ते अमेरिकेतल्या अकादमीकडं परत सोपवलं. 2004 मध्ये शांतिनिकेतनातून टागोरांचं नोबेल पदक चोरीला गेलं होतं, ती धास्ती त्यांच्या मनात होती. आपल्या देशात ते नीट राहील असा भरवसा त्यांना वाटला नाही. 2020 मध्ये त्या गेल्या.

ऑस्करची ही गत, तर वसमत-कळमनुरीच्या शिंप्याचं नाव कोण लिहून ठेवणार? रेडिमेडच्या लाटेत कितीतरी मशिनी कोपऱ्यात गेल्या. म्हणून एवढंच करा. घरातल्या जुन्या अल्बममध्ये आईचा, मावशीचा तसल्या फॅशनच्या कपड्यातला फोटो असेल. तो कुणी शिवला होता हे विचारा आणि फोटोमागं नाव लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत, तोवरच.