पर्यायाची पाळी

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने मोहोळकडे निघाले की वाटेत चिंचोळी एमआयडीसी लागते. आणि सुताच्या, टॉवेलांच्या व रसायनांच्या त्या कारखान्यांपुढे पाळी सुटण्याच्या सुमारास क्षणभर थांबले, तर एखाद्या तरुणाच्या पिशवीत जेवणाच्या डब्याला टेकून ठेवलेली एक वही दृष्टीस पडते, जिच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढून डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचे समानार्थी आणि खाली लाल शाईने विरुद्धार्थी शब्द उतरून घेतलेले असतात. स्पर्धा परीक्षेची किंवा बढतीच्या मुलाखतीची ही तजवीज मला नेहमीच आदरणीय वाटत आली आहे. त्या वहीची कुळकथा सांगण्याजोगी आहे.

इंग्रजीतील समानार्थी शब्दांचा एक आरंभीचा ग्रंथ हेस्टर पिओझी या विदुषीने १७९४ साली प्रसिद्ध केला, आणि तो अर्पण केला होता इंग्रजीचा व्यासंग करणाऱ्या आपल्या परदेशी स्नेह्यांना. म्हणजे परक्या माणसाला शब्दाशब्दांतील अंतर कळावे, ही कळकळ या विद्येच्या मुळाशीच आहे. पुढे पीटर मार्क रॉजे या वैद्याने १८०५ साली स्वतःच्या सोयीसाठी केलेली यादी आयुष्यभर जपली आणि सत्तरी ओलांडल्यावर, १८५२ मध्ये, ‘थिसॉरस’ या नावाने ती जगापुढे ठेवली. त्यात एक हजार शीर्षके आहेत, आणि परस्परविरुद्ध कल्पना एकाच पानावर शेजारशेजारच्या स्तंभांत मांडलेल्या आहेत. आपल्या वहीतल्या उभ्या रेघेची ही थोरली बहीण. विरुद्धार्थी शब्दाला ‘अँटोनिम’ हे नाव मात्र त्यानंतर, सी. जे. स्मिथ यांच्या १८६७ च्या पुस्तकातून रूढ झाले.

थिसॉरस या ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना, आणि संस्कृतात ‘कोश’ म्हणजेही खजिनाच. हे साम्य योगायोगाचे मानले, तरी दुसरी एक गोष्ट योगायोगाची नाही. कल्पनांच्या क्रमाने शब्द लावण्याचे जे प्रयत्न आपल्यापूर्वी झाले, त्यांची नोंद रॉजेने आपल्या प्रस्तावनेच्या तळटीपेत केली आहे, आणि त्यांतील सर्वांत जुना म्हणून त्याने नाव घेतले आहे अमरकोशाचे. कोलब्रुकने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८०८ साली श्रीरामपूरला छापले गेले होते. त्याच बंगाली गावातून दोनच वर्षांनी कॅरीचा मराठी कोश मोडी ठशांत छापून निघाला.

अमरसिंहाचा हा ग्रंथ, ज्याचे खरे नाव ‘नामलिंगानुशासन’, तीन कांडांत विभागलेला आहे, आणि पाठशाळेतील मुले तो अर्थ कळण्याआधीच मुखोद्गत करीत. त्याच साच्यावर शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ पद्यात रचला गेला, ज्यात दफ्तरातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. नोकरीच्या गरजेपोटी पर्याय शिकणे हे चिंचोळीच्या तरुणाने नव्याने आरंभलेले नाही. त्याच्याआधी ते आपल्या फडांतल्या कारकुनांनी केले. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत हे जोडशब्द त्या दुभाषी काळाची साक्ष देतात, कारण त्यांतील एक अंग फारसी वळणाचे आणि दुसरे संस्कृत कुळातले आहे.

परंतु ‘पर्याय’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘सारखा’ असा नाही. परि म्हणजे सभोवार आणि इ म्हणजे जाणे. फिरून फिरून येणे, क्रमाने येणे, अर्थात पाळी. पर्यायशब्द हे पाळीने कामावर येणारे शब्द होत. यंत्र तेच असते, पण रात्रपाळीचा माणूस दिवसपाळीच्या माणसाची प्रतिकृती नसतो.

आपलीच तीन नावे घ्यावीत: काळजी, चिंता, फिकीर. पहिले देशी आणि काळजाशी नाते सांगणारे, दुसरे संस्कृत, तिसरे फारसीच्या वाटेने आलेले. वहीत ही तिन्ही एका ओळीत बसतील. पण त्यांचे अभाव पाहिले की ओळ मोडते. निष्काळजी हा दोष, निश्चिंत ही सुखाची अवस्था, आणि बेफिकिरीत दोषाबरोबर थोडी ऐटही आहे. समानार्थी शब्दांची खरी परीक्षा विरुद्धार्थी शब्द घेतात, हे मला याच त्रिकुटाने शिकविले. इंग्रजीचेही असेच थर आहेत: ‘किंगली’ जुना घरचा, ‘रॉयल’ फ्रेंचांकडून आलेला, ‘रीगल’ लॅटिन, आणि या शेवटल्याचे मूळ आपल्या ‘राजन्’चे सगोत्र.

कारखान्यात या अंतराची किंमत अधिक असते. ‘इनकरेक्ट’, ‘इनव्हिजिबल’ यांतील ‘इन’ नकाराचा, आपल्या ‘अ’चा भाऊबंद; म्हणून पिंपावर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेले पाहून ते न पेटणारे असेल असा तर्क विद्यार्थी करतो. वास्तविक हा ‘इन’ निराळा, ‘आत’ या अर्थाचा, आणि तो शब्द पेट घेण्याचाच इशारा देतो. हा घातक गैरसमज टाळण्यासाठी सुरक्षिततेच्या पाट्यांवर आता ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा प्रघात आहे, आणि हे दोन्ही शब्द, दिसायला विरुद्धार्थी असूनही, समानार्थी आहेत. अमेरिकेतील बेंजामिन व्होर्फ हा भाषाभ्यासक आगविमा कंपनीत चाकरीला होता. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांशी जपून वागणारी माणसे ‘एम्प्टी’ पिंपांजवळ खुशाल सिगारेट ओढतात, हे त्याने नोंदवून ठेवले. ‘एम्प्टी’चा समानार्थी त्यांच्या मनात ‘निरुपद्रवी’ असा झालेला असे, आणि पिंपात तर स्फोटक वाफ कोंडलेली असे.

चिंचोळीच्या त्या वहीत ‘फुल’च्या खाली लाल शाईने ‘एम्प्टी’ लिहिलेले असेलच. तिच्या धन्याने त्यापुढे कंसात एवढेच लिहावे: द्रव संपला, वाफ आहे.